राहिलेली जोहर

"हात सैल सोड, पोरी. मूठ आवळून बसलीस तर बांगडी काय, वारा बी आत जायचा न्हाई."

मांडवात एकच हशा पिकला. नवरी मुलगी, अर्पिता, लाजली आणि तिनं हात सोडून दिला. सांडूभाईंनी तिचा अंगठा तळहातात दुमडला, बोटांचे सांधे दाबून हात चिंचोळा केला आणि बोलता बोलता हिरवी बांगडी मनगटावर नेऊन बसवली. पोरीला कळलंसुद्धा नाही.

"दुखलं का?"

"न्हाई चाचा."

"दुखायला नकोच. दुखलं तर समजायचं, मणियार कच्चा हाय."

हे वाक्य त्यांचं नव्हतं, जैतूनबीचं होतं. आताशा त्यांच्या तोंडून निघणारी निम्मी वाक्यं तिचीच असत आणि बोलून झाल्यावर ते त्यांच्या लक्षात येई. मग ते उगाच पेटीत काहीतरी शोधू लागत.

शेख सांडू मणियार मूळचे जाफराबादचे. उभं आयुष्य आसपासच्या गावांत, वस्त्यांवर लग्नाच्या बांगड्या भरत हे जोडपं फिरलं. जोडपं म्हणायचं, पण कारभार सगळा बाईचा. पेटी सांडूभाईंच्या खांद्यावर आणि बायांचे हात जैतूनबीच्या ताब्यात. सांडूभाईंचं काम एवढंच, की दुरून हात पाहायचा आणि मापाची बांगडी काढून पुढं करायची. ते माप कधी चुकलं नाही. चुकायचं ते वेळेचं भान. माणूस गप्पिष्ट. बांगड्या काढून दिल्या, की बाहेर पुरुषमंडळींत जाऊन बसायचे. चहा आला की चहात रमायचे, कुणी कापसाचा विषय काढला की त्यात पडायचे. मग आतून टक टक असा आवाज यायचा. जैतूनबी हातातली बांगडी पेटीच्या लाकडी झाकणावर वाजवायची आणि एकच शब्द म्हणायची, "वक्त!" सांडूभाई अर्धा चहा टाकून उठायचे आणि नमाजेला उभे राहायचे.

त्या टकटकीवर त्यांचं सगळं सुरळीत चाललं. पाच वेळची नमाज, एकही राहिलेली नाही. ताप असो, प्रवास असो, घरातलं लग्न असो. अशा माणसाला साहिबे-तरतीब म्हणतात, म्हणजे ज्याच्या नमाजांची ओळ कधी मोडलेली नाही असा. सांडूभाईंना स्वतःला त्याचं फार काही वाटत नसे. तोरा होता तो जैतूनबीला. मणियार गल्लीत नळावर भांडण निघालं, की ती कमरेवर हात ठेवून सांगायची, "हमारे ये साहिबे-तरतीब हैं!" आता याचा नळाच्या पाण्याशी काय संबंध? पण समोरची बाई गप्प बसायची खरी.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. जालन्याला दवाखान्यात नेली होती, तिथून बोलती-चालती घरी आली नाही. मुलगी परभणीला दिलेली. ती चार दिवस राहिली, रडली, भांडी घासून पालथी घालून गेली. तेव्हापासून सांडूभाई पेटी घेऊन एकटेच हिंडत होते आणि कसंबसं का होईना, नमाजांची ती ओळ सांभाळून होते. तिनं मागं ठेवलेली तेवढी एकच गोष्ट अजून जिवंत आहे, असं त्यांना वाटे.

आजही वस्तीवर आल्या आल्या त्यांनी गोठ्यालगतची पडवी नजरेनं हेरून ठेवली होती. या घरात त्यांची नमाजेची जागा ठरलेली. अर्पिताची आजी, द्वारकाबाई, त्यांच्यासाठी धुतलेली गोधडी आणि पाण्याचा तांब्या काढून ठेवायच्या. नवरीचे हात झाले, की जोहर, म्हणजे दुपारची नमाज, पढून घ्यायची, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. पण थंडीतली दुपार ती. आली आली म्हणेपर्यंत सरते. त्यातून मांडवावर जाड कापड. बाहेर ऊन कुठवर आलं, आत बसलेल्याला कळायला मार्ग नव्हता.

नवरीनंतर करवल्या बसल्या. शीतल नावाच्या एकीनं हात मध्येच ओढला आणि बांगडीचे दोन तुकडे झाले.

"फुटली वो चाचा!"

"लग्नाच्या घरात फुटली म्हणू न्हाई, बाई. वाढली म्हणावं."

हात भरून झाला, की प्रत्येक जण वाकून त्यांच्या पाया पडत होती. इकडची रीतच आहे ती. बांगड्या भरणाऱ्याला नमस्कार करायचा, मग तो कुणी का असेना. सांडूभाई प्रत्येकीला "सुखी राहा" म्हणत होते. दिवसभरात इतक्या जणींचे हात त्यांच्या हातात येत, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर स्वतःचे हात कुठं ठेवावेत, हे या माणसाला कळत नसे.

सगळ्यात शेवटी द्वारकाबाई आल्या. मांडवात मधोमध न बसता कडेच्या खांबाला टेकून बसल्या.

"सांडूभाऊ, जरा माझा हात बी पाहा."

त्यांनी पदराखालून हात काढला. वाळलेला, शिरा वर आलेला हात आणि त्यात एकुलती एक खैरी काचेची बांगडी.

"दोन होत्या. एक धुण्याच्या दगडावर वाढली. आता लग्नघरात ही एकटी घालून कसं हिंडावं? ही टाका फोडून, अन दोन नव्या भरा."

सांडूभाईंनी बांगडीवर अंगठा ठेवला. एवढ्याशा काचेला किती जोर लागतो? पण अंगठा दाबेना.

"कुणी भरल्त्या या?"

"कोण भरणार? जैतूननं. मागच्या संक्रातीला." द्वारकाबाईंनी त्यांच्याकडं निरखून पाहिलं. "तिनं तुमाला सांगितलं न्हाई का कधी?"

"काय?"

"आमचे मालक गेल्ते ना, तव्हाचं. दिवस झाले, माणसं पांगली. माझे दोन्ही हात असे भुंडे. भाकर थापाया बसले तर वाटायचं, हे कुणाचे हात आलेत परातीत. अन तुमी दोघं आल्ते बांगड्या घेऊन. तुमी भाईर बोलत बसल्ते, तुमचं नेहमीचं. जैतून मला गोठ्यामागं घेऊन गेली. म्हणली, हात दे. म्या म्हणलं, बाई, सासू जीव घेईल माझा. तर म्हणली, हिरव्या न्हाईत ना? मंग? अन भरल्या की दोन."

"अन सासू?"

"पाह्यल्या तिनं. एक सबूद बोलली न्हाई. दुसऱ्या साली जैतून आली तर तीच म्हणली, हिच्या वाढल्यात, भर." द्वारकाबाई हसल्या आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "तव्हापासून तिच्याबिगर कुणाला हात दिला न्हाई म्या."

सांडूभाईंना तो दिवस आठवत होता. भलतंच ऊन होतं, आणि जैतूनबी गोठ्यामागून आली तेव्हा ते तिच्यावर खेकसले होते, इतका वेळ कुठं होतीस म्हणून. ती म्हणाली होती, "पानी पीने गई थी." एवढंच. पुढं इतकी वर्षं एका ताटात जेवलो, एका पेटीत हात घातला, आणि या बाईनं एवढी गोष्ट पोटात ठेवली? त्यांना तिचा राग आला. तो राग गोड होता.

"आक्का, ही फोडत न्हाई. अख्खीच काढतो."

"निघती का? सांधे पाहा कसे सुजलेत."

"निघंल. जरा वेळ लागंल."

बांगडी भरण्यापेक्षा उतरवणं अवघड. हाताला साबण चोळायचा, सांधा सांधा मोडत न्यायचा, जरा तिरकी झाली की काच गेलीच. सांडूभाई मान खाली घालून कामाला लागले. बाया उठून गेल्या, चुलीकडं भांड्यांचे आवाज सुरू झाले, समोरच्या चहावर साय धरली. द्वारकाबाई बोलत राहिल्या. जैतून म्हशीला किती भ्यायची, आणि भीतीपोटी म्हशीलासुद्धा "आप उधर हो जाओ" म्हणायची. जैतूननं एकदा पुरणाची पोळी पदरात बांधून नेली, ती तुम्हाला मिळाली का? मिळाली होती. गल्लीत लोक जैतूनबीचं नाव निघालं, की "सब्र करो, भाई" म्हणत आणि विषय बदलत. इथं कुणीतरी तिच्याबद्दल पोटभर बोलत होतं. सांडूभाई पुन्हा साबण चोळत होते, पुन्हा एक सांधा पुढं जात होते, आणि त्यांना ते काम संपूच नये असं वाटत होतं.

शेवटी बांगडी निघाली. अखंड. त्यांनी ती रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली, दोन नव्या खैऱ्या बांगड्या द्वारकाबाईंच्या हातात भरल्या, आणि तेवढ्यात रस्त्यावरून प्रवासी जीप चालवणाऱ्या परमेश्वरचा भोंगा वाजला. तो जाफराबादकडं निघाला होता. सांडूभाईंनी घाईघाईनं फडक्याला हात पुसले, पेटी उचलली आणि पळाले.

जीपमध्ये ते खिडकीशी बसले होते आणि मध्येच एकटे हसत होते. शेजारच्या माणसानं अंग चोरून घेतलं. म्हशीला आप!

ते जाफराबादला उतरले आणि अजान झाली. असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या नमाजेची. सांडूभाईंची पावलं आपोआप मणियार गल्लीतल्या मशिदीकडं वळली. दिवसातली ही वेळ त्यांच्या आवडीची. घरी आवाज नव्हता, चूल नव्हती, पण मशिदीत जमात होती. इमामामागं खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, एकदम वाकायचं, एकदम कपाळ टेकायचं. उजव्या बाजूला कायम भिकनभाई, सायकलवाले. त्यांचा खांदा सांडूभाईंच्या खांद्याला लागला, की बरं वाटे. जैतूनबी गेल्यापासून धंद्याबाहेर सांडूभाईंना कुणाचा स्पर्श होत असेल तर तेवढाच. त्यासाठी ते कुठल्याही वस्तीवरून असरपर्यंत गावात पोचायची धडपड करत.

"देर कर दी आज," भिकनभाई दारातच म्हणाले. "जल्दी आ. जगह रखता हूँ तेरी."

पेटी ओट्याखाली सरकवून सांडूभाई वुजू करायला, म्हणजे नमाजेआधीचे हात-पाय-तोंड धुवायला, नळाशी बसले. अस्तन्या वर केल्या, हात पाण्याखाली धरले.

हाताला फेस आला.

बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडेला वाळून बसलेला साबण पाणी लागताच पांढरा होऊन वर आला. सांडूभाई त्याकडं बघत राहिले. सकाळनंतर या हातांनी वुजू केलेली नाही. केली असती तर हा साबण उरला नसता. वस्तीवर तांब्या मागितला नाही. पडवीत गोधडी अंथरली नाही. द्वारकाबाईसुद्धा बोलण्याच्या नादात विसरल्या. म्हणजे जोहर...

जोहर गेली होती.

त्यांनी वुजू पुरी केली. आतून इकामतचे, म्हणजे नमाज सुरू होत असल्याच्या पुकाराचे शब्द ऐकू आले, जमात उभी राहत होती. नियम त्यांना पाठ होता. राहिलेली आधी, आताची नंतर. ज्याच्या नावावर राहिलेल्या नमाजांचा ढीग आहे, त्याला हे बंधन नाही. तो खुशाल जमातीत उभा राहतो. भिकनभाई नाही का, तरुणपण सगळं सिनेमाच्या थेटरात घालवलं आणि आता पहिल्या रांगेत! बंधन आहे ते ज्याची ओळ मोडलेली नाही त्याला. आणि तेही, राहिलेली नमाज आठवलीच नाही, तर माफ. हाताला फेस आला नसता तर सांडूभाई या घटकेला भिकनभाईंशेजारी असते आणि ती नमाज कबूलही झाली असती. पण आता आठवली होती. आठवलेलं विसरल्याचं सोंग माणसांपुढं चालतं.

ते आत गेले. रांगा उभ्या राहिल्या होत्या. पहिल्या रांगेत भिकनभाईंच्या डाव्या अंगाला एका माणसाची फट होती. भिकनभाईंनी मान वळवून पाहिलं, बोटांनी खुणावलं, ये.

सांडूभाईंनी मान हलवली, नाही.

भिकनभाईंना काही उमगेना. त्यांनी पुन्हा खुणावलं. तेवढ्यात नमाज पढवणारे तरुण हाफिजसाहेब मागं वळून रोजच्यासारखं म्हणाले, "सफें सीधी कर लो. बीच में जगह न छोड़ो." भिकनभाई क्षणभर थांबले. मग डावीकडं सरकले. पलीकडचा माणूस उजवीकडं सरकला आणि फट बुजली.

सांडूभाई सगळ्यात मागं, भिंतीलगत एकटे उभे राहिले. अजून एक आशा होती. जमातीच्या शेवटच्या बैठकीत जरी इमामाला गाठलं, तरी जमात मिळाली असं धरतात. राहिलेल्या जोहरच्या चार रकअती, म्हणजे उभं राहण्यापासून कपाळ टेकण्यापर्यंतचे चार फेरे, समोर असरच्या चार. आपली जरा आधी संपली, की उठून मागच्या रांगेत शिरायचं, कुणाच्या का खांद्याला होईना, खांदा लावायचा. त्यांनी हात बांधले.

पण शरीराला कोण सांगणार? समोर हाफिजसाहेबांनी "अल्लाहु अकबर" म्हटलं, सगळे वाकले आणि सांडूभाईंची पाठही आपसूक निम्मी वाकली. त्यांनी ती ओढून सरळ केली. पुढं ते वाकले तेव्हा समोरचे उठत होते. समोरच्यांनी कपाळ टेकलं तेव्हा हे उभे. एवढ्या भरल्या मशिदीत त्यांची एकट्याची नमाज उलटी चालली होती. लग्नाच्या पंगतीत उशिरा आलेल्याला कोपऱ्यात वेगळं वाढावं, तसं त्यांना लाजिरवाणं वाटत होतं. इतक्या वर्षांत त्यांनी जमातीच्या पाठी कधी पाहिल्या नव्हत्या. आपण आत नसलो, की ती अशी दिसते तर.

भरभर उरकावी, असं एकदा मनात आलं. ओठ तसे चालूही लागले. मग त्यांना जैतूनबीचा आवाज आठवला, बांगडी घाईनं भरायला घेतली, की ती म्हणायची, "जल्दी में हाथ कटता है." त्यांनी ओठ आवरले आणि एकेक शब्द नीट म्हटला. कपाळ टेकून सजद्यात गेले तेव्हा खिशातली बांगडी छातीला टोचली. डोळ्यांत पाणी आलं. ज्या बाईनं जन्मभर एक नमाज चुकू दिली नाही, तिच्याच पायी आज पहिली चुकली होती. याची तोबा करायला हवी होती आणि त्यांना तोबा करावीशी वाटत नव्हती. वाटत होता नुसता एकटेपणा. या गावात हे सांगावं असं एकच माणूस होतं, आणि ते तीच होती.

चौथी रकअत संपली. त्यांनी उजवीकडं मान वळवून नमाज संपवणारा सलाम फेरला, डावीकडं फेरला. हाफिजसाहेबांची चाल संथ, समोर सगळे अजून शेवटच्या बैठकीत होते. वेळ होता! सांडूभाई उठायला गेले. उजवा गुडघा उचलला, डावा उचलेना. दिवसभर मांडी घालून अवघडलेला पाय या बैठकीत मुंग्या येऊन लाकूड झाला होता. त्यांनी भिंतीला हात लावला, कसेबसे उभे राहिले, मागच्या रांगेपर्यंत दोन पावलं गेले, हात कानांकडं नेले...

"अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाह," हाफिजसाहेब म्हणाले आणि सगळ्या माना उजवीकडं वळल्या.

सांडूभाईंनी हात खाली घेतले. ते आपल्या जागी भिंतीशी परत गेले आणि असरची नमाज एकट्यानं सुरू केली.

दुआ झाली. लोक उठले, त्यांच्या समोरून नीट वाट काढत बाहेर गेले. चपलांचे आवाज विरले. भिकनभाई मात्र गेले नाहीत. ते येऊन सांडूभाईंपासून हातभर अंतरावर बसले. त्यांची नमाज झालेली. ते पुन्हा सामील होऊ शकत नव्हते, नुसते बसू शकत होते. तेवढं ते बसले.

सांडूभाईंनी शेवटचा सलाम फेरला.

"क्या हुआ रे?" भिकनभाईंनी हळू विचारलं.

"जोहर रह गई."

"तेरी?" भिकनभाईंचे डोळे मोठे झाले. "कैसे?"

सांडूभाईंनी खिशातून रुमाल काढला, उलगडला. खैरी बांगडी त्यांच्या तळहातावर पडून राहिली. सांगायला गेले तर पुष्कळ होतं. गोठा, सासू, म्हैस, पुरणाची पोळी.

"काम में था," ते म्हणाले.

भिकनभाईंनी बांगडीकडं पाहिलं, त्यांच्याकडं पाहिलं आणि पुढं विचारलं नाही. "चल, चाय पी," म्हणाले. सांडूभाईंनी नको म्हटलं. मग भिकनभाई त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उठले आणि गेले.

बाहेर ओट्यावर बसून सांडूभाईंनी पेटी पुढं ओढली. झाकणाच्या कडीत बांगड्या बांधायची सुतळी अडकवलेली होती. तिचा एक पदर काढून त्यांनी ती बांगडी कडीला बांधली. घट्ट नाही, जरा सैल, हलेल अशी. पेटी खांद्याला लावली आणि गल्लीत वळले.

पहिल्या पावलाला लाकडावर काच वाजली, टक. दुसऱ्या पावलाला पुन्हा, टक. मगरिबला, सूर्यास्ताच्या नमाजेला, अजून बराच अवकाश होता. लाकडावर आपटणारी काच, ती आज ना उद्या वाढणारच. हे मणियाराला कुणी सांगायला नको होतं. सांडूभाईंनी चाल हळू केली. घर जवळ आलं तसे ते आणखी हळू चालू लागले.